लोड लावला की ७८०५चा सप्लाय बसतो : दोष कुठे शोधायचा

तक्रार बहुतेक वेळा अशीच येते. ट्रान्सफॉर्मर, एसीचं डीसी करणारा चार डायोडचा ब्रिज, एक मोठा कपॅसिटर आणि ७८०५ (स्थिर ५ व्होल्ट देणारा रेग्युलेटर आयसी) असा ५ व्होल्टचा साधा सप्लाय बांधला. मल्टिमीटर लावला तर ५.०१ व्होल्ट. पण ईएसपी८२६६चा (वायफायच्या मायक्रोकंट्रोलरचा) बोर्ड आणि रिले जोडले की बोर्ड सारखा रीस्टार्ट होतो, रिले तडतडतात, छोटा अँप्लिफायर जोडला तर स्पीकरमधून घूं असा सलग आवाज येतो. मीटर ४.७ दाखवतो, कधी ४.४. मग बुधवार पेठेत तपकीर गल्लीत जाऊन नवा ७८०५ आणला जातो. तो लावला तरी तेच. मग दुसऱ्या कंपनीचा आणून बघतात, आणि शेवटी दुकानदाराने नकली माल दिला असं ठरवून मोकळे होतात. पुण्यात डिप्लोमा आणि इंजिनिअरिंगच्या प्रोजेक्ट सबमिशनच्या दिवसांत हे नेहमीचं आहे, आणि गणपतीच्या आधी देखाव्याची तयारी सुरू झाली की पुन्हा तेच.

रिकामा असताना जो ७८०५ बरोबर ५ व्होल्ट देतो, तो बहुधा चांगलाच असतो. दोष त्याच्या आधी असतो : ट्रान्सफॉर्मर, ब्रिज आणि कपॅसिटर या तिघांत. म्हणून आयसी बदलण्याआधी आयसीच्या इनपुटला, लोड चालू असताना, काय चाललंय ते बघा. आउटपुट ५.०० नाही, ४.९३ आहे म्हणूनही आयसी फेकू नका, डेटाशीट ४.८ ते ५.२ व्होल्टपर्यंत मोकळीक देते.

७८०५ला इनपुटला किती लागतं

५ व्होल्ट टिकवायचे तर ७८०५ला इनपुटला साधारण २ व्होल्ट जास्त लागतात. म्हणजे इनपुट ७ व्होल्टच्या खाली गेलं की आउटपुट त्याच्या मागोमाग खाली येतं. आणि हे ७ व्होल्ट सरासरी असून चालत नाही, प्रत्येक क्षणी हवेत. सगळा घोटाळा इथेच होतो, कारण मल्टिमीटरची डीसी रेंज फक्त सरासरी दाखवते.

आपल्याकडे मेन्स ५० हर्ट्झचं. ब्रिजमधून बाहेर पडताना व्होल्टेज सेकंदाला १०० वेळा शिखर गाठतं आणि १०० वेळा शून्याकडे उतरतं. ट्रान्सफॉर्मर कपॅसिटरला भरतो तो फक्त शिखराच्या आसपासच्या थोड्या वेळात. उरलेला सगळा वेळ लोडचा करंट एकटा कपॅसिटर पुरवतो. सोसायटीत महापालिकेचं पाणी ठरावीक वेळ येतं आणि बाकीचा दिवस गच्चीवरच्या टाकीवर निघतो, तसंच हे. टाकी लहान असेल तर पुढचं पाणी येण्याआधी नळ कोरडा पडतो. दोन शिखरांमध्ये १० मिलीसेकंद असतात. तेवढ्या वेळात कपॅसिटरचं व्होल्टेज जिथपर्यंत खाली येतं, त्याला मी पुढे ‘तळ’ म्हणणार आहे. हा तळ ७ व्होल्टच्या वर आहे की खाली, एवढ्या एका प्रश्नावर सप्लाय चालणार की बसणार ते ठरतं.

हिशेब सोपा आहे. करंट अँपिअरमध्ये घ्या, त्याला ०.०१ सेकंदाने गुणा आणि कपॅसिटरच्या फॅरडने भागा. अर्धा अँपिअर आणि १००० मायक्रोफॅरड असेल तर उत्तर येतं ५ व्होल्ट. प्रत्यक्षात घसरण याहून थोडी कमी असते, ४ व्होल्टच्या आसपास, कारण पूर्ण १० मिलीसेकंद संपायच्या आतच पुढचं शिखर कपॅसिटरला भरायला लागतं. पण डिझाइन करताना ५ धरावेत. चूक झालीच तर ती सुरक्षित बाजूला होते.

आता ९ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर घ्या. शिखर ९ गुणिले १.४१४, म्हणजे १२.७ व्होल्ट. ब्रिजमध्ये एका वेळी दोन डायोड वाटेत असतात आणि भरतीच्या क्षणी त्यांच्यातून मोठा करंट जातो, त्यामुळे प्रत्येकी ०.९ व्होल्ट धरून १.८ वजा करा. उरले १०.९. त्यातून ४ ते ५ व्होल्टची घसरण गेली की तळ ६ ते ७ व्होल्टच्या मध्ये कुठेतरी. आउटपुट सेकंदाला १०० वेळा गचका खातं. स्पीकरमधला तो घूं आवाज म्हणजे हेच १०० हर्ट्झ.

आता ६ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर लावून बघा. शिखर ८.५, डायोड गेले की ६.७. म्हणजे कपॅसिटर कितीही मोठा लावला तरी ७ व्होल्ट कधीच होणार नाहीत. तरी लोड नसताना मीटर ५ व्होल्ट दाखवतो, कारण छोटे ट्रान्सफॉर्मर रिकामे असताना लिहिलेल्या व्होल्टेजपेक्षा १५ ते २५ टक्के जास्त देतात आणि डायोडही तेव्हा कमी खातात. रिकाम्या सप्लायचे ५ व्होल्ट बघून भुलायचं नाही, ते यासाठी.

तळ मोजायचा कसा

आधी सुरक्षिततेचं. ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीच्या, म्हणजे मेन्सच्या बाजूला २३० व्होल्ट आहेत. तिथले सगळे सोल्डर जॉइंट स्लीव्हने झाकलेले हवेत, प्रायमरीच्या फेजमध्ये फ्यूज हवा (९ व्होल्ट १ अँपिअरच्या ट्रान्सफॉर्मरला २५० मिलीअँपिअरचा स्लो ब्लो पुरतो), ट्रान्सफॉर्मरची लोखंडी चौकट आणि धातूचा डबा अर्थला जोडलेला हवा. सप्लाय चालू असताना फक्त सेकंडरीच्या, म्हणजे कमी व्होल्टच्या बाजूच्या पुढे हात घालायचा. जोडणी बदलायची असेल तर प्लग काढा, आणि मोठा कपॅसिटर १०० ओहमच्या रेझिस्टरने रिकामा करा. स्क्रू-ड्रायव्हरने शॉर्ट करून ठिणगी काढायची सवय वाईट. त्याने कपॅसिटरही खराब होतो.

लोड म्हणून प्रोजेक्टचा बोर्ड वापरू नका. त्याचा करंट क्षणाक्षणाला बदलतो आणि मीटरवरून काहीच कळत नाही. १० ओहम १० वॅटचा पांढरा सिमेंट रेझिस्टर आणा. ५ व्होल्टला तो बरोबर अर्धा अँपिअर ओढतो. अडीच वॅट उष्णता निघते, तेव्हा तो प्लॅस्टिकवर ठेवू नका.

रेझिस्टर जोडलेला असताना मोठ्या कपॅसिटरच्या दोन पायांवर डीसी मोजा. वरच्या ९ व्होल्ट, १००० मायक्रोफॅरडच्या उदाहरणात साधारण ८.७ व्होल्ट दिसतील. इथेच बहुतेक जण म्हणतात, “७ हवेत, ८.७ आहेत, मग इनपुट ठीक आहे.” थांबा. प्रोब तिथेच ठेवून मीटर एसी रेंजवर घ्या. समजा १.२ व्होल्ट आले. कपॅसिटरवरच्या या करवतीसारख्या लहरीत (रिपलमध्ये) एसी आकड्याच्या साधारण साडेतीन पट म्हणजे शिखरापासून तळापर्यंतची पूर्ण उंची. १.२ गुणिले ३.५, म्हणजे ४.२ व्होल्ट. त्यातले अर्धे सरासरीच्या वर, अर्धे खाली. ८.७ वजा २.१, तळ ६.६ व्होल्ट. सापडला दोष.

पण एसीचा आकडा विश्वासाचा आहे का, हे आधी तपासून घ्या. डीटी८३० जातीचे पिवळे स्वस्त मीटर सगळ्यांकडे असतात. त्यांची एसी रेंज डीसीला अडवत नाही, आत फक्त एक डायोड असतो. ९ व्होल्टची बॅटरी घ्या आणि ती एसी रेंजवर मोजा, मग प्रोब उलटे करून पुन्हा मोजा. दोन्ही वेळा शून्य आलं तर मीटर या कामाला चालेल. एका बाजूने १८-२० व्होल्ट आणि उलट केल्यावर शून्य आलं, तर त्याच्या एसी रेंजवर रिपल मोजायचा प्रयत्न सोडून द्या. या मीटरवर कपॅसिटरपाशी २० व्होल्ट एसी दिसले म्हणून ब्रिज उडालाय असं समजणारे बरेच भेटतात. अशा वेळी तळ वरच्या हिशेबाने काढा आणि खातरजमा अशी करा : प्लग काढा, कपॅसिटर रिकामा करा, जुन्याच्या पॅरललला आणखी २२०० मायक्रोफॅरड २५ व्होल्टचा जोडा, पोलॅरिटी बघा, चालू करा. आउटपुट लगेच ५ व्होल्टवर उभं राहिलं तर तळ खाली जात होता, दुसरं काही नाही. कॉलेजच्या लॅबमध्ये ऑसिलोस्कोप मिळत असेल तर प्रश्नच नाही, डीसी कपलिंगवर ठेवून करवतीचं खालचं टोक थेट वाचा.

याच सर्किटमध्ये ४७०० मायक्रोफॅरड लावले तर अर्ध्या अँपिअरला घसरण १ व्होल्टच्या आसपास येते आणि तळ पावणेदहाच्या जवळ राहतो. कपॅसिटरसाठी पाच-पंचवीस रुपये जास्त मोजून सगळं दुखणं जातं. २२००चं काय? घसरण २.३, तळ ८.६, म्हणजे ठीक दिसतं. पण मेन्स २३० ऐवजी २०७ झालं, म्हणजे १० टक्के उतरलं, तर शिखर ११.४ होतं, डायोड वजा जाता ९.६, आणि तळ ७.३. जेमतेम. म्हणून मी ५ व्होल्ट अर्धा अँपिअरसाठी २२०० सांगत नाही, ४७००च सांगतो.

संध्याकाळीच बिघडणारा सप्लाय

मेन्सचं निघालंच आहे तर गणपतीचं सांगतो. घरगुती देखाव्यात १२ व्होल्टच्या छोट्या मोटरी आणि एलईडीच्या पट्ट्या असतात, आणि त्यासाठी १२ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर घेऊन त्यावर ७८१२, म्हणजे ७८०५चाच १२ व्होल्टचा भाऊ, लावला जातो. १२ला १२, नावात बरोबर बसतं. सकाळी, दुपारी सगळं झकास चालतं. संध्याकाळी आरतीच्या वेळी मोटर रेंगाळते आणि एलईडी थरथरतात. ७८१२ला इनपुटला १४ ते १४.५ व्होल्ट हवेत. १२ व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरचं शिखर १७, डायोड गेले की १५.२. घसरणीला उरतो जेमतेम १ व्होल्ट. पेठेतल्या जुन्या वाड्यात वायरिंग लांब आणि बारीक असेल, आजूबाजूला मांडवांचं लायटिंग पेटलं आणि मेन्स १० टक्के उतरलं, की शिखरच साडेतेरावर येतं. तळाचा प्रश्नच उरत नाही. ७८१२ला १५ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर घ्यायचा. तो १२चा बदलून मिळत नसेल तर एलईडीची पट्टी रेग्युलेटरशिवाय थेट कपॅसिटरवर लावायचा मोह टाळा. रात्री उशिरा लोड उतरला की मेन्स वर जातं आणि पट्टी भाजते.

ट्रान्सफॉर्मरवरचा आकडा

ट्रान्सफॉर्मरवर ‘१ अँपिअर’ लिहिलेलं असतं तो एसी करंट. ब्रिज आणि कपॅसिटर लावल्यावर करंट सलग वाहत नाही, थोड्या थोड्या वेळाच्या मोठ्या झटक्यांनी वाहतो, आणि वाइंडिंग तापतं ते त्या झटक्यांनी. त्यामुळे १ अँपिअरच्या ट्रान्सफॉर्मरमधून सलग डीसी ०.६ अँपिअरच्या आसपासच घ्यावा. १ अँपिअर डीसी हवा तर ट्रान्सफॉर्मर पावणेदोन-दोन अँपिअरचा. ५०० मिलीअँपिअरच्या ट्रान्सफॉर्मरवर चार रिलेंचा बोर्ड चालवायला बघणाऱ्यांनी हा हिशेब एकदा मांडावा : ५ व्होल्टच्या नेहमीच्या निळ्या रिलेची कॉइल ७० ओहमची, म्हणजे प्रत्येकी सुमारे ७० मिलीअँपिअर, चारही ओढले की २८०. त्यात ईएसपी८२६६ वायफायवर डेटा पाठवताना काही क्षण ३०० मिलीअँपिअरच्या आसपास जातो. बेरीज अर्ध्या अँपिअरच्या वर गेली. ट्रान्सफॉर्मर मात्र ३०० मिलीअँपिअर डीसीचा.

ट्रान्सफॉर्मर बसतोय का हे बघायला सेकंडरीवर एसी मोजा, एकदा रिकामं आणि एकदा १० ओहमचा लोड आउटपुटला लावून. इथे डीसी नसल्यामुळे साधा मीटरही चालतो. ९ व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरचं १०.५चं ९.५ झालं तर ठीक. ८च्या खाली आलं तर ट्रान्सफॉर्मर लहान आहे किंवा आत तांबं कमी आहे. हातात घेतल्यावर जो सारख्याच रेटिंगच्या दुसऱ्यापेक्षा स्पष्ट हलका लागतो, तो घेऊ नये. दुकानात दोन मागून हातात तोलून बघायला कोणी ना म्हणत नाही.

१२-०-१२ किंवा ९-०-९ घेतलात तर तारा नीट ओळखा. बाहेरच्या दोन्ही तारा ब्रिजला दिल्या तर १२-०-१२मध्ये २४ व्होल्ट एसी होतात, शिखर ३४, आणि रिकामं असताना त्याहून वर. ७८०५ची इनपुटची मर्यादा ३५ व्होल्ट आहे. २५ व्होल्टचा कपॅसिटर त्याआधीच फुगतो. याहून वाईट म्हणजे बाहेरच्या दोन तारा ब्रिजला आणि मधली तार ब्रिजच्या निगेटिव्हला. तिथे अर्धं वाइंडिंग एका डायोडमधून शॉर्ट होतं आणि काही सेकंदांत वास सुटतो. मधली तार ग्राउंडला घ्यायची तर फक्त दोन डायोड वापरा. ब्रिजच वापरायचा तर एक बाहेरची आणि मधली एवढ्या दोनच तारा घ्या, तिसरी स्लीव्ह लावून बंद करा.

एक डायोड उघडा असेल तर

हा दोष क्वचित येतो पण आला की फार छळतो. ब्रिजमधला एक डायोड गेला किंवा त्याचा सोल्डर सुटला, तर सप्लाय बंद पडत नाही. अर्धीच लाट मिळते, दोन भरत्यांमधलं अंतर १० ऐवजी २० मिलीसेकंद होतं आणि घसरण दुप्पट. कानाला आवाजही बदललेला कळतो, १०० ऐवजी ५० हर्ट्झ, जास्त खर्जातला. हिशेबाने तळ ९ यायला हवा आणि सप्लाय तरी बसतोय, असं दिसलं की इथे संशय घ्या.

पण मल्टिमीटरच्या डायोड रेंजवर ब्रिज जागेवरच तपासलात तर चारही डायोड चांगले दिसतील. कारण सेकंडरीचं वाइंडिंग डीसीला जवळजवळ शॉर्ट असतं. पॉझिटिव्हकडे जाणारे दोन्ही डायोड त्या वाइंडिंगमधून एकमेकांना पॅरलल होतात, निगेटिव्हकडचे दोन्हीही तसेच. उघड्या डायोडवर प्रोब ठेवला तरी मीटर त्याच्या जोडीदाराचेच ०.५ ते ०.७ व्होल्ट दाखवतो. सेकंडरीची एक तार सोडवा आणि मग मोजा. आता खोटं बोलायला जागा उरत नाही. १एन४००७ डायोडच्या जाड पायांना पुरेशी उष्णता न देता केलेला कोरडा सोल्डर हे इथलं सर्वांत मोठं कारण. झीरो पीसीबीवर (नुसत्या भोकांच्या बोर्डावर) तो वरून चकचकीत दिसतो, पण पाय हलवला की कडेने बारीक गोल चीर दिसते.

थोडा वेळ चालतो, मग बसतो

हा वेगळा आजार, आणि पहिल्याशी गल्लत करू नये. तळ खाली जात असेल तर लोड लावल्याक्षणी आउटपुट पडतं. उष्णतेने बंद होत असेल तर काही मिनिटं सगळं ठीक चालतं, मग आउटपुट पडतं, गार झालं की पुन्हा येतं. ७८०५मध्ये फार तापल्यावर स्वतःला आवरण्याची सोय आहे. आयसी मरत नाही, पण काम थांबतं.

तळाचं दुखणं टाळायला म्हणून ९ऐवजी १२ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर लावला की बहुधा इथे येऊन अडकायला होतं. उष्णता म्हणजे इनपुट आणि आउटपुटमधला फरक गुणिले करंट. १२ व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरवर सरासरी इनपुट साडेचौदा, अर्ध्या अँपिअरला पावणेपाच वॅट. ९ व्होल्ट आणि ४७०० मायक्रोफॅरडवर तेच पावणेतीन वॅट. हीटसिंक नसलेला ७८०५ प्रत्येक वॅटमागे ५० ते ६५ अंशांनी तापतो. पुण्यात एप्रिलमध्ये खोलीतच ३८-४० अंश असतात, बंद प्लॅस्टिकच्या डब्यात ५०. आतल्या चिपला १२५ अंशांपर्यंतच ठेवायचं, तर हीटसिंकशिवाय सव्वा-दीड वॅटच्या पुढे जाताच येत नाही. जानेवारीत प्रोजेक्ट बनवून प्रॅक्टिकलला मे महिन्यात नेणाऱ्यांचा सप्लाय परीक्षकांसमोरच का बंद पडतो, त्याचं उत्तर यात आहे.

पावणेपाच वॅटसाठी ५० अंशांच्या डब्यात साधारण १० अंश प्रति वॅटचा, म्हणजे प्रत्येक वॅटमागे १० अंशच तापणारा हीटसिंक लागतो. स्क्रूने लावायचा छोटा यू आकाराचा मिळतो तो २०च्या पुढचा असतो, पुरत नाही. मोठा, पात्यांचा (फिन्सचा) घ्या, पाती उभी राहतील असा बसवा, डब्याला वर-खाली भोकं पाडा. हीटसिंक पेस्टचा थर इतका पातळ हवा की खालचा धातू अंधुक दिसेल. ७८०५चा धातूचा टॅब ग्राउंड असतो, त्यामुळे तो डब्याला चिकटला तरी चालतं. एलएम३१७ या व्होल्टेज बदलता येणाऱ्या रेग्युलेटरचा टॅब आउटपुट असतो. तिथे अभ्रकाचा किंवा सिलिकॉनचा पॅड आणि प्लॅस्टिकचा बुश लागतोच.

मोठा कपॅसिटर हीटसिंकपासून लांब ठेवा. तापमान १० अंशांनी वाढलं की इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य साधारण निम्मं होतं. दोन-तीन वर्षं नीट चाललेला सप्लाय आता गुणगुणायला लागला असेल तर बहुतेक कपॅसिटरच वाळलेला असतो. डोकं फुगलेलं दिसेलच असं नाही. पॅरललला चांगला लावून बघा, वर सांगितलं तसं. बदलताना १०५ अंशांचा घ्या.

तळ ठीक, उष्णता ठीक, तरी त्रास

मग तारा बघा. ७८०५च्या पायांवर ५.०० आणि बोर्डाच्या पिनांवर ४.६ असं फार वेळा निघतं. पातळ हुकअप वायरच्या मीटरभर जोडीत पाव ओहम सहज असतो, ब्रेडबोर्डचे सैल झालेले कॉन्टॅक्ट त्यात भर घालतात. नोडएमसीयूवर (ईएसपी८२६६च्या तयार बोर्डावर) ३.३ व्होल्टसाठी एएमएस१११७ हा रेग्युलेटर असतो, त्यालाच १.१ ते १.३ व्होल्ट जास्त लागतात. म्हणजे ५ व्होल्टच्या पिनवर साडेचार उरले की बोर्ड रीस्टार्टच्या काठावर. तेव्हा मोजमाप नेहमी लोडच्या पिनांवर करा, आणि बोर्डाजवळ ४७० मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर द्या म्हणजे वायफायचे झटके तिथल्या तिथे भागतात.

कपॅसिटर वाढवूनही स्पीकरमधला आवाज जात नसेल तर ग्राउंडची तार कुठून घेतली आहे ते बघा. ब्रिज ते मोठा कपॅसिटर या वाटेने भरतीचे कित्येक अँपिअरचे झटके जातात. त्याच वाटेवरून ७८०५चं ग्राउंड घेतलं तर तारेत पडणारे ३०-४० मिलीव्होल्ट १०० हर्ट्झने आउटपुटमध्ये मिसळतात, आणि रेग्युलेटर त्याला काहीच करू शकत नाही. ब्रिजची निगेटिव्ह आधी कपॅसिटरच्या पायाला, कपॅसिटरच्या पायापासून ७८०५च्या मधल्या पायाला, आणि तिथून लोडला. हा क्रम पाळला की आवाज जातो.

छोटे कपॅसिटर गाळू नका. इनपुटला ०.३३ मायक्रोफॅरड, त्यावर ३३४ छापलेलं असतं, आणि आउटपुटला ०.१, म्हणजे १०४. दोन्ही आयसीच्या पायांना अगदी लागून हवेत. मोठा कपॅसिटर बोर्डाच्या दुसऱ्या टोकाला आणि हे दोन नाहीत, असं असलं की ७८०५ स्वतःच थरथरायला लागतो : लोड नसताना गरम होतो आणि मीटर ५.३ किंवा ४.७ असे विचित्र आकडे दाखवतो.

एलएम३१७ वापरणाऱ्यांसाठी थोडं. पाय ७८०५सारखे नसतात. समोरून बघताना डावीकडून अ‍ॅडजस्ट, आउटपुट, इनपुट. आउटपुट आणि अ‍ॅडजस्टमधला रेझिस्टर १२० ओहमचा ठेवा, म्हणजे १.२५ व्होल्टला १० मिलीअँपिअर वाहतात आणि लोड नसतानाही आयसी नियंत्रणात राहतो. तिथे १ किलोओहम लावला की रिकामं असताना आउटपुट आपोआप वर चढतं. पॉटची (व्होल्टेज बदलायच्या फिरत्या रेझिस्टरची) मधली पिन एका टोकाच्या पिनला जोडून टाका. स्वस्त पॉटमध्ये मधला संपर्क कधीतरी उचलला जातो. पिन जोडलेली असेल तर आउटपुट फार तर पॉटने ठरवलेल्या कमाल व्होल्टेजपर्यंत जातं, नसेल तर थेट इनपुटच्या जवळ, आणि समोर जोडलेला बोर्ड जळतो.

सगळं बसवून झालं की १० ओहमचा लोड लावून डबा बंद करा आणि तासभर तसाच चालू ठेवा. मग झाकण उघडल्या उघडल्या कपॅसिटरवर डीसी आणि एसी पुन्हा मोजा. तळ ८ व्होल्टच्या वर असेल आणि लोडच्या टोकांवर ४.८ ते ५.२ मिळत असतील, तर रेझिस्टर काढा आणि प्रोजेक्ट जोडा.